ऑक्टोनॉट्स : तीन वर्षांच्या मुलांना खरा समुद्र सांगणारी मालिका

वेळूबन

खडकावर सी-ॲनिमोनच्या, म्हणजे फुलांसारख्या दिसणाऱ्या समुद्री प्राण्यांच्या, दोन वसाहती आहेत. मधे एक अरुंद मोकळी पट्टी. पलीकडचा कुणी त्या पट्टीत सरकला की अलीकडचे शिपाई डंखाच्या पिशव्या फुगवून त्याच्यावर तुटून पडतात. ‘ऑक्टोनॉट्स’च्या एका भागात आपली नायकमंडळी या दोन फौजांच्या मधे सापडतात.

हे भांडण पटकथाकाराच्या डोक्यातून आलेलं नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर ॲनिमोनची एक जात खरोखर अशी राहते. एकाच ॲनिमोनचे दोन, दोनाचे चार होत वाढलेली सगळी भावंडं एका वसाहतीत, शेजारी दुसऱ्या वंशाची वसाहत, आणि सीमेवर अशीच मारामारी. त्या मारामारीमुळेच दोन्हींच्या मधली पट्टी रिकामी राहते. तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीच्या कार्टूनमध्ये हे बघून मी थक्क झाले, आणि मग मालिकेचा प्रत्येक भाग मुलीच्या शेजारी बसून बघायला लागले. चर्चेचा हा धागा त्यासाठीच काढतेय.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. व्हिकी वाँग आणि मायकल मर्फी ही जोडी ‘मिओमी’ या नावाने चित्रं काढते. त्यांच्या चित्रपुस्तकांवरून (पहिलं २००६ चं) ही संगणकावर ॲनिमेट केलेली मालिका तयार झाली. ॲनिमेशन डब्लिनच्या ब्राऊन बॅग फिल्म्सचं. बीबीसीच्या लहान मुलांच्या सीबीबीज वाहिनीवर ऑक्टोबर २०१० मध्ये ती सुरू झाली. ऑक्टोपॉड नावाच्या, ऑक्टोपसच्या आकाराच्या तळावर आठ जण राहतात. कप्तान बार्नकल्स हे ध्रुवीय अस्वल. क्वाझी हा पूर्वाश्रमीचा समुद्री चाचा (लुटारू) असलेला बोका. पेसो हा पेंग्विन डॉक्टर, शेलिंग्टन हा समुद्री पाणमांजर शास्त्रज्ञ, डॅशी ही कुत्री छायाचित्रकार, ट्वीक ही सशीण इंजिनियर. प्राध्यापक इंकलिंग हा खोल समुद्रातला डम्बो ऑक्टोपस, आणि ट्युनिप हा अर्धा भाजी अर्धा प्राणी असा स्वयंपाकी. गप नावाच्या त्यांच्या पाणबुड्या असतात, त्याही समुद्री जिवांच्या आकाराच्या. ब्रीद तीन शब्दांचं : शोध, सुटका, रक्षण. एक भाग साधारण ११ मिनिटांचा, आणि शेवटी ‘क्रीचर रिपोर्ट’ हे गाणं. त्यात त्या दिवशीच्या प्राण्याची खरी दृश्यं दाखवून तो कुठे राहतो, काय खातो, त्याची खासियत काय, हे झपाझप सांगतात.

आता मला जे म्हणायचंय ते. लहान मुलांच्या बहुतेक मालिकांमध्ये प्राणी हा नुसता पोशाख असतो. ससा म्हणजे लांब कान लावलेला मुलगा, हत्ती म्हणजे सोंड लावलेला मुलगा. गोष्ट असते वाटून घेण्याची, रुसव्याची, नाहीतर हरवलेल्या चेंडूची. सशाच्या जागी बदक घातलं तरी गोष्टीत काही फरक पडत नाही. इथे असं करता येत नाही. प्राणी बदलला की गोष्टच मोडते, कारण अडचणही त्या प्राण्याच्या अंगच्या गुणातून येते आणि सुटकाही.

हॅगफिश घ्या. दिसायला ईलसारखा, पण ईल नव्हे. त्याला कुणी धरलं की तो क्षणात ढीगभर बुळबुळीत चिकटा सोडतो. धरणाऱ्या माशाचे कल्ले त्या चिकट्याने बंद होतात आणि तो सोडून पळतो. स्वतःच्या अंगावरचा चिकटा काढायला हॅगफिश शरीराची चक्क गाठ मारतो आणि ती गाठ शेपटीकडून डोक्याकडे सरकवत नेतो. मोठ्या माणसालाही हे ऐकून खोटं वाटेल. त्यावर इथे एक अख्खा भाग आहे.

किंवा कुकीकटर शार्क. हाताच्या लांबीचा मासा, पण देवमाशाच्या अंगाचा वाटोळा लचका काढतो, झाकणाने कापल्यासारखा गोल. १९७० च्या दशकात अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांच्या सोनारवरच्या (आवाजाने वेध घेणाऱ्या यंत्रावरच्या) रबरी आवरणांनाही यांनी असेच चावे घेतले होते. मालिकेत त्यांच्यावर भाग आहे म्हटल्यावर मी ही सगळी माहिती शोधून वाचली. कार्टूनमुळे आईने पुस्तक उघडावं, ही त्या कार्टूनची कमाईच आहे.

माझं ठाम मत असं की छोट्या मुलांना साधं करून सांगायचं म्हणजे खोटं किंवा पातळ करून सांगायचं, ही समजूत या मालिकेने मोडीत काढली. तीन वर्षांचं मूल ‘बायोल्युमिनेसन्स’ (जिवांच्या अंगातून निघणारा उजेड) हा शब्द पेलू शकतं. त्याला तो अवघड आहे हेच माहीत नसतं.

तुमच्या घरी कुणी बघतं का? मुलं काय विचारतात? मालिकेत काय खटकतं, तेही लिहा.

पाऊलवाट

छान धागा. वाचनखूण साठवली. आमच्याकडे रेल्वे आणि जेसीबीचं राज्य आहे, पण हे दाखवून बघते.

रेंडरवाला

वेळूबन, प्राणी बदलला की गोष्ट मोडते हा मुद्दा फार आवडला. मी ॲनिमेशनमध्ये काम करतो, तर याची पडद्यामागची बाजू सांगतो.

टीव्हीच्या थ्रीडी मालिकेत पैसा वाचतो तो मॉडेल पुन्हा पुन्हा वापरून. एक गाव, चार घरं, सहा पात्रं. एकदा मॉडेल झालं, रिग (म्हणजे पात्राच्या आतला हाडांचा आणि कळांचा सांगाडा) बसवला, की तेच सामान पन्नास-शंभर भाग चालतं. म्हणून तर छोट्यांच्या बऱ्याच मालिकांमध्ये तेच अंगण आणि तीच टेकडी दिसते. ऑक्टोनॉट्समध्ये दर भागाला नवा प्राणी. म्हणजे दर वेळी नवं मॉडेल, नवं टेक्स्चर (वरचा पोत), नवा रिग. आणि समुद्रातले जीव रिग करायला महाकठीण. दोन पायांवर चालणाऱ्या पात्राला ठरलेले सांधे असतात. ऑक्टोपसच्या हाताला सांधाच नाही, तो कुठूनही वळतो, आणि असे हात आठ. जेलीफिशला तर हाडही नाही आणि हातही नाही. ज्या स्टुडिओने हे दर भागाला केलं त्यांनी अंदाजपत्रकात इतर कुठेतरी पोटाला चिमटा घेतला असणार. ब्राऊन बॅगला ऑस्करची दोन नामांकनं आहेत, ती याच मालिकेसाठी नव्हेत, पण हात कसलेले आहेत हे कळतं.

दुसरं म्हणजे पाणी. पाण्याखाली काहीच स्थिर नसतं. केस, शेपटी, दोर, शेवाळ, सगळं सतत मंद हलत राहायला हवं. पात्र थांबलं तरी ते किंचित तरंगायला हवं, नाहीतर हवेत टांगलेलं दिसतं. वरून येणाऱ्या उजेडाची जाळी तळावर थरथरायला हवी. हे सगळं रेंडरचा (म्हणजे संगणकाने अंतिम चित्र तयार करण्याचा) वेळ खातं. मात्र एक सवलत मिळते : पाण्यात दूरचं दिसत नाही. निळ्या धूसरपणात मागचं सगळं विरून जातं, त्यामुळे मागचा देखावा कमी तपशिलात भागतो. ती सवलत या लोकांनी नीट वापरलीय. खोल समुद्रातल्या भागांमध्ये तर जवळजवळ काळा पडदा आणि त्यात दोन दिवे, एवढ्यावर ते भीती उभी करतात.

चेहऱ्यांकडे लक्ष द्या. डोळे म्हणजे नुसते काळे ठिपके. पुस्तकातल्या सपाट चित्रांचा साधेपणा त्यांनी थ्रीडीत येऊ दिला. बुबुळं नाहीत, म्हणून भाव दाखवायला भुवया, मानेचा कल आणि अख्ख्या शरीराची ढब वापरावी लागते. पेसो घाबरला की त्याचे पंख अंगाला चिकटतात, ते बघा. हे मेहनतीचं काम आहे.

वेळूबन

@रेंडरवाला, काय सुंदर लिहिलंत. पेसोचे पंख आता प्रत्येक भागात बघणार. पेसो मला या मालिकेतलं सगळ्यात खरं पात्र वाटतो. तो भित्रा आहे आणि तो डॉक्टर आहे. घाबरत घाबरत जखमी प्राण्याजवळ जातो आणि पट्टी बांधतो. भीती गेल्यावर धीट होतो असं नाही, भीती असतानाच काम करतो.

ध्रुवतारा

मालिका चांगली आहे यात वाद नाही, पण माझा एक आक्षेप नोंदवतो. कप्तान ध्रुवीय अस्वल, डॉक्टर पेंग्विन. ध्रुवीय अस्वलं उत्तरेला आर्क्टिकमध्ये, पेंग्विन दक्षिण गोलार्धात. निसर्गात या दोघांची गाठ पडत नाही. माझ्या भाच्याने बर्फाचं चित्र काढलं त्यात दोघं शेजारी उभे. आणि ट्युनिपसारखे ‘व्हेजिमल’ तर जगात नाहीतच. खऱ्या माहितीचं एवढं कौतुक होतंय तर खरं कुठे संपतं आणि काल्पनिक कुठे सुरू होतं, हे मुलाला कोण सांगणार? सगळंच काल्पनिक असेल तर मूल फसत नाही. अर्धं खरं असेल तर फसू शकतं.

बालवाडीताई

ध्रुवतारा, प्रश्न रास्त आहे. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे साडेतीन-चार वर्षांची मुलं रोज समोर असतात.

या वयाच्या मुलांना कपडे घालणारा, बोलणारा बोका खरा नाही हे पुष्कळदा कळत असतं. गडबड होते ती बारीक तपशिलांत, तुमच्या भाच्याच्या चित्रात झाली तशी. तिथे मोठं माणूस शेजारी लागतं. आम्ही वर्गात पृथ्वीचा गोल ठेवलाय. कप्तानाचं घर वर, पेसोचं घर खाली. मुलं स्वतः बोट ठेवून सांगतात की दोघं नोकरीसाठी एकत्र राहतात! हे स्पष्टीकरण त्यांनीच शोधलं, मी नाही.

‘क्रीचर रिपोर्ट’ची रचना मला शिक्षक म्हणून फार मोलाची वाटते. गोष्टीत प्राणी बोलतो, रडतो, थट्टा करतो. रिपोर्टमध्ये तोच प्राणी खऱ्या रूपात दिसतो आणि तिथे तो बोलत नाही. गोष्ट कुठे संपली आणि माहिती कुठे सुरू झाली, हे मुलांना त्या गाण्याच्या पहिल्या ठोक्यालाच समजतं. म्हणजे सीमारेषा आखलेली आहे. ती दोन्ही गोष्टी कालवणाऱ्या मालिकांमध्ये नसते.

आणि एक. ट्वीक, म्हणजे पाणबुड्या दुरुस्त करणारी इंजिनियर, ही मुलगी आहे. याबद्दल मालिकेत कुणी काही बोलत नाही, भाषण नाही, फक्त ती पाना घेऊन गपखाली शिरलेली असते. माझ्या वर्गातल्या मुली खेळताना ट्वीक होतात. आठांत मुली दोनच आहेत, ते प्रमाण मात्र मला खटकतं.

रेंडरवाला

@बालवाडीताई, दोन्ही मुद्द्यांना अनुमोदन. पुढे २०२१ मध्ये ‘अबव्ह अँड बियाँड’ या नावाने नेटफ्लिक्सवर नवी मालिका आली, ती समुद्रातून बाहेर पडून जमिनीवरच्या प्राण्यांकडे जाते. त्यात पात्रं वाढली. पाण्याचा अभ्यास करणारं एक माकड आहे, त्याचं नावच पानी! नकाशे काढणारी मिन नावाची रेड पांडा आहे.

मालवणची_आजी

मी ह्या सगळा सुनेच्या मोबाईलवर वाचतंय. आमच्या घरातसून समुद्र दिसता, आणि नातू टीव्हीत समुद्र बघता! आता पुढचं पुस्तकी मराठीत लिहिते, म्हणजे सगळ्यांना कळेल.

नातवाचं आणि माझं एक दिवस जुंपलं. ताटात बांगडा होता. त्याने विचारलं, ऑक्टोनॉट्स माशांना वाचवतात, मग आपण का खातो? सून म्हणाली, विषय बदला. मला ते पटलं नाही. एवढ्या मुलाने सरळ विचारलं तर सरळ सांगायला हवं. मी सांगितलं की शार्कही मासा खातो, बगळाही खातो, आपणही खातो. पण वाट्टेल तेव्हा, वाट्टेल तेवढा खात नाही. जून आणि जुलै यांत्रिक होड्या बंद असतात, कारण पावसात समुद्र खवळलेला असतो आणि बरेच मासे तेव्हा अंडी घालतात. मग नारळी पुनवेला समुद्राला नारळ देऊन होड्या लोटतात. आमच्या लहानपणी हे सरकारी कागदावर नव्हतं तरी पाळलं जायचं.

आता काही लोक बोटभर पापलेटं बाजारात आणतात ते बघून मला वाईट वाटतं. तो मोठा झाला असता तर त्याने अंडी घातली असती. मी नातवाला घेऊन बाजारात जाते आणि लहान मासा दाखवून सांगते, हा घ्यायचा नाही. आता तोच कोळणीला सांगतो. त्याचं ‘रक्षण’ तिथे सुरू झालं असं मी समजते.

भरतीओहोटी

आजी, तुमच्या प्रतिसादाला साष्टांग नमस्कार. तुम्ही म्हणता ते आता कागदावरही आलंय. २०२३ मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला, त्यापेक्षा लहान मासा पकडायचा नाही असा नियम. पापलेटाला राज्य मासा म्हणून जाहीर केलं तेही त्याच वर्षी.

मी सागरी जीवशास्त्र शिकलोय, त्यामुळे मालिकेतल्या विज्ञानाबद्दल थोडं. वेळूबन यांनी लिहिलेली ॲनिमोन, हॅगफिश, कुकीकटर ही तिन्ही उदाहरणं पक्की आहेत. मला आवडतात ते मालिकेने निवडलेले अनोळखी प्राणी. डॉल्फिन आणि कासव कुणीही दाखवेल. यांनी अमर जेलीफिश दाखवला, जो जखमी झाला किंवा उपाशी पडला की पुन्हा आपल्या बालरूपात, म्हणजे खडकाला चिकटलेल्या पॉलिपमध्ये परत जातो. यांनी अंगावर स्पंज आणि शेवाळ लावून फिरणारा खेकडा दाखवला. ब्लॉबफिश दाखवला. जे प्राणी गोड दिसत नाहीत त्यांनाही नायकाची जागा दिली. संवर्धनात आमची हीच मोठी अडचण असते. वाघासाठी लोक रस्त्यावर उतरतात, समुद्रकाकडीसाठी कोण उतरणार?

यातले कितीतरी जीव लांबच्या समुद्रातले नाहीत, हे मला मुद्दाम सांगायचंय. कोन स्नेल या विषारी शंखगोगलगाईवर मालिकेत भाग आहे. तिचा दात भाल्यासारखा असतो, ती तो फेकून माशाला मारते, आणि काही जातींच्या डंखाने माणूसही दगावतो. कोन स्नेलच्या जाती मुंबईच्या खडकाळ किनाऱ्यावर राहतात. हो, मुंबईच्या. ऑक्टोपस, ॲनिमोन, रंगीत समुद्री गोगलगाई, मृदू प्रवाळ हे सगळं गिरगाव, हाजी अली, जुहू, कार्टर रोड भागात ओहोटीला दिसतं. २०१७ पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट लोकांना घेऊन हे दाखवतोय.

तटस्थ

चर्चा वाचतोय. सगळे कौतुक करताहेत, मी दुसरी बाजू मांडतो.

या मालिकेच्या समुद्रात माणूस नाही. तुम्ही नीट आठवा. ट्रॉलर नाही, तेलाचा तवंग सोडणारं जहाज नाही, बंदर नाही, कारखान्याची मोरी नाही. प्राणी अडचणीत येतो तो वादळाने, प्रवाहाने, दरडीने किंवा दुसऱ्या प्राण्यामुळे. मग शूर मंडळी येतात आणि अकरा मिनिटांत सोडवतात. आज समुद्रातला प्राणी खरोखर ज्यामुळे मरतोय ते कारणच चित्रातून पुसलंय. मुलाच्या मनात काय उरतं? समुद्राला संकटं आपोआप येतात आणि कुणीतरी गणवेशातलं येऊन निस्तरतं. मला हे निरागस वाटत नाही, सोयीचं वाटतं. एवढी खरी माहिती पेलणाऱ्या मुलाला हीही माहिती पेलली असती.

वेळूबन

@तटस्थ, या प्रतिसादावर दोन दिवस विचार केला, म्हणून उशिरा लिहितेय.

माणूस नाही, हे निरीक्षण खरं आहे. पण मला ती पळवाट वाटत नाही. तीन वर्षांच्या मुलाला आधी त्या हॅगफिशबद्दल प्रेम वाटू दे. ज्याचं नाव माहीत नाही, ज्याची गोष्ट ऐकली नाही, त्याच्या मरणाचं दुःख कसं होणार? दोषी कोण हा प्रश्न मूल पुढे स्वतः विचारतं. आजींच्या नातवाने विचारला की. कुणी शिकवला नव्हता.

सुटकेच्या बाबतीत मात्र एक फरक दाखवते. यात खलनायक नाही. कुणाला हरवायचं नसतं. शार्क आला म्हणजे तो दुष्ट नव्हे, तो भुकेला आहे. कुकीकटर चावतो कारण तो तसाच जगतो. मग उपाय असा शोधावा लागतो की दोघंही जगतील. माझ्या मते एवढ्या वयात हे कळणं फार मोठं आहे.

तटस्थ

खलनायक नाही याचं मोल मला मान्य. तरी माझा मुद्दा जागेवर आहे. आधी प्रेम, मग कारण, असं तुम्ही म्हणता. पण ते ‘मग’ कधी येणार? मूल सहा वर्षांचं झालं की ही मालिका सोडतं आणि मारामारीची कार्टून्स सुरू होतात. मधल्या वयासाठी, जिथे माणसाचा हात दिसायला हवा, तिथे काहीच नाही.

भरतीओहोटी

तटस्थ, तुमच्याशी सहमत व्हावंसं वाटतं, आणि तरी एक खरी गोष्ट सांगतो, कारण त्यात माणूस दोन्हीकडे आहे.

या मालिकेत व्हेल शार्कची गोष्ट आहे. जगातला सगळ्यात मोठा मासा, खातो मात्र प्लवक आणि बारीक जीव. हा आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येतो. गुजरातच्या किनाऱ्यावर पूर्वी त्याची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये त्याला वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतलं, म्हणजे वाघाइतकं संरक्षण दिलं. पण जाळ्यात चुकून अडकला तर? जाळं महाग असतं. मच्छीमाराने ते कापलं तर मासा वाचतो, पण त्याचं नुकसान होतं. डिसेंबर २०१८ पासून महाराष्ट्रात योजना आहे : जाळं कापून संरक्षित प्राण्याला सोडलं, त्याचे फोटो किंवा व्हिडिओ दिले, की वनविभागाच्या कांदळवन कक्षामार्फत २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यातून कासवं, व्हेल शार्क, डॉल्फिन सुटले आहेत.

आता ही गोष्ट सहा-सात वर्षांच्या मुलाला सांगा. जाळं माणसाचं, कापणाराही माणूस. यावर मराठीत ॲनिमेशनची मालिका झाली तर मला हवी आहे. होडी, तांडेल, जाळ्यात अडकलेलं कासव आणि सुरीकडे जाणारा हात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळास गावाची गोष्टही आहेच. २००२ मध्ये सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं. आधी अंडी चोरीला जायची, आज तेच गावकरी अंडी सांभाळतात आणि पिल्लं समुद्रात सोडताना बघायला येणाऱ्या पाहुण्यांना घरी जेवायला घालतात.

रेंडरवाला

@भरतीओहोटी, हे वाचून अंगावर काटा आला. असं काही लिहायला कुणी बसलं तर स्टोरीबोर्ड मी करीन. मनापासून सांगतोय, व्यनि (खाजगी निरोप) करा.

उत्तरसमुद्र

मी स्कॉटलंडमध्ये राहते. माझा मुलगा आता मोठा झाला, पण तो सीबीबीजवर ऑक्टोनॉट्स बघतच वाढला. दोन गोष्टी लिहाव्याशा वाटल्या.

सीबीबीज बीबीसीची, त्यामुळे मधे जाहिराती नाहीत. अकरा मिनिटं म्हणजे अकरा मिनिटं. आता हीच मालिका मोबाईलवर एकामागून एक आपोआप सुरू होत राहते, तेव्हा ती तीच मालिका राहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तासापेक्षा जास्त पडदा नको असं सांगितलं, आणि कमी असेल तितकं बरं असंही. चांगली मालिकासुद्धा त्या तासात मोजायची.

दुसरं, तटस्थ यांच्या ‘मग’बद्दल. इथे शाळा मुलांना किनाऱ्यावर नेते. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांत बादली घेऊन खेकडे बघायचे आणि जिथले तिथे सोडायचे. माझ्या मुलाने पहिला ॲनिमोन बघितला तेव्हा त्याला त्याचं नाव आधीच ठाऊक होतं. मग किनाऱ्यावर त्याच डबक्यात प्लास्टिकच्या दोरीचे तुकडे होते. त्याने विचारलं. कारण तिथे आलं, पडद्यावर आलं नव्हतं.

पाऊलवाट

काल दोन भाग दाखवले. आमच्याकडे इंग्रजी फारसं कळत नाही, म्हणून मी शेजारी बसून मराठीत सांगत होते. त्याला काहीही अडलं नाही, उलट माझं सांगणं थांबलं की तो हाताला धरून हलवत होता. जेसीबीप्रेमींसाठी सांगते : खेकड्याच्या आकाराची एक पाणबुडी खोदकाम करते. आमचा प्रश्न सुटला.

आता त्याला ॲनिमोन खरा बघायचाय. भरतीओहोटी, आम्ही डोंबिवलीला. एवढ्या लहान मुलाला घेऊन कुठे आणि कधी जावं?

भरतीओहोटी

पाऊलवाट, जुहूच्या कडेचे खडक किंवा कार्टर रोड. हिवाळ्यात जा, ऊन सोसवतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या दिवसांत पाणी सगळ्यात लांब जातं. भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास, जेव्हा पाणी कमी उतरतं) जाऊ नका, काही दिसणार नाही. पायात तळ खडबडीत असलेले बंद बूट, मुलाचा हात सतत हातात. दगड उलटा केलात तर तसाच परत ठेवा, त्याच्याखाली कुणाचं तरी घर असतं. शंख कितीही सुंदर दिसला तरी उचलू नका, तो कोन स्नेल असू शकतो. पावसाळ्यात किनाऱ्यावर निळ्या फुग्यांसारखे समुद्री जीव आलेले असतात, त्यांनाही हात लावायचा नाही, जोरात डंख मारतात. पाणी पूर्ण उतरण्याच्या तासभर आधी पोचा आणि परत चढायला लागलं की निघा. वेळ भरतीच्या तक्त्यात बघून घ्या.

मालवणची_आजी

तक्ता नसला तरी अडत नाही. तिथीची पाऊणपट करायची, ती पूर्ण भरतीची वेळ. तृतीया असेल तर तीन पाऊण, सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमारास भरती, आणि त्याच्या सहा तास आधी, सकाळी सव्वाआठला, पाणी सगळ्यात खाली. शुद्ध असो की वद्य, हिशोब तोच. किनाऱ्यागणिक थोडं पुढे-मागे होतं. लेकराला घेऊन जायला द्वितीया-तृतीयेची सकाळ बरी, उजेडही असतो आणि ऊनही चढलेलं नसतं. टोपी आणि पाणी न्या.

पाऊलवाट

आजी, पाठ केलं. येत्या वद्य तृतीयेला रविवार आहे. कुणी मुंबईकर येणार असतील तर कार्टर रोडला सव्वासातला भेटू.

बालवाडीताई

मी येते. वर्गातली दोन मुलं आणि त्यांचे आईबाबाही येतील.